मालेगावचा पडदा मोबाईलवर

मालेगाव यंत्रमागाचे शहर. पण तेथे चित्रपटांचाही धंदा आहे. व्हिडिओ पार्लर चालविणारे नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला. त्या काळी हिशेब सरळ होता. तिकीट विकले की रोकड हाती. आज खानदेशी विनोदी चित्रफिती यूट्यूबवर फुकट पाहिल्या जातात.

मग पैसा कोठून येतो? जाहिरातींतून. लांब चित्रफितीवरील जाहिरातींच्या उत्पन्नापैकी ५५ टक्के चॅनेलच्या मालकाला मिळतात. त्यासाठी चॅनेलचे किमान १,००० सदस्य हवेत आणि वर्षभरात ४,००० तास पाहणी व्हावी लागते. म्हणजे वसुली उशिरा, खर्च मात्र आजचा.

म्हणून या धंद्यात उतरणाऱ्या आपल्या बांधवांना आम्ही तीन गोष्टी सुचवितो. चॅनेल कोणाच्या नावावर आणि वाटा किती, हे आधी कागदावर लिहा. दुसऱ्याचे गाणे परवानगीशिवाय घालू नका. यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि उत्पन्न गाण्याच्या मालकाकडे वळू शकते. आणि शिंपी, सुतार, कॅमेरावाला यांची मजुरी 'चित्रफीत चालली तर देऊ' या बोलीवर ठेवू नका. धंद्यातील जोखीम मालकाची, कारागिराची नव्हे.