नवरीच्या मैत्रिणींचा हिशेब

लग्नसराईच्या याद्यांत गेल्या काही वर्षांत एक नवे कलम दाखल झाले आहे. कार्यालय, आचारी, छायाचित्रकार आणि मानपान यांच्या जोडीला, लग्नाआधी पंधरा-वीस दिवस नवरीने आपल्या मैत्रिणींसह शनिवार-रविवारची सहल काढावयाची. पुरुषांना तीत प्रवेश नाही. इंग्रजीत हिला ‘हेन पार्टी’ म्हणतात. या शब्दाचे सरळ भाषांतर करू गेल्यास कोंबड्यांची मेजवानी असा भलताच अर्थ निघतो, म्हणून की काय, आपल्याकडे ‘बॅचलरेट’ हे अमेरिकी नाव रूढ झाले. २०१८ सालच्या ‘वीरे दी वेडिंग’ या हिंदी चित्रपटातील चार मैत्रिणी त्यासाठी थेट फुकेतला गेल्या होत्या. पुण्या-मुंबईच्या मुली गोवा, अलिबाग वा लोणावळा गाठतात. आता हे लोण आमच्या नंदुरबार जिल्ह्यातही पोचले आहे.

वडीलधाऱ्यांना हे पाश्चात्त्यांचे खूळ वाटते. त्यांचा आक्षेप मला पटत नाही. लग्नापूर्वी बायकांनी बायकांतच जमावे, थट्टा करावी, गावे, पोटभर हसून घ्यावे, ही गोष्ट आपल्याला मुळीच परकी नाही. घाणा भरताना उखळ-मुसळाभोवती बसलेल्या बायका, हळद, चुडा, रुखवताची रात्र जागून केलेली तयारी, ही सारी बायकांचीच संमेलने होती. परंतु तेथे कोणाला बोलवावयाचे, हे नवरी ठरवीत नसे. मान सुवासिनींचा, विधवेला उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागे आणि नवरीच्या बरोबरीच्या अविवाहित मैत्रिणी पाहुण्यांना पाणी देण्याच्या कामी येत. केळवणही झाले तरी आत्या-मावशीच्या सोयीने आणि त्यांच्या पसंतीच्या पक्वान्नांनी. आपल्या लग्नातील एखादा प्रसंग तरी स्वतः योजावा, त्याला स्वतःच्या पसंतीची माणसे असावीत, अशी इच्छा एखाद्या मुलीने धरली तर तीत खूळ कोणते?

खरा प्रश्न पैशांचा आहे. आणि तो अर्थशास्त्राच्या शिक्षिकेपुढे आला, हे बरेच झाले. आमच्या पदव्युत्तर वर्गातील एका मुलीने आपल्या मैत्रिणीसाठी अशी सहल आखावयाचे अंगावर घेतले. हा तिचा पहिलाच प्रयत्न. आठ मुली, दोन रात्री, ठिकाण केवडिया. सरदार सरोवराच्या पायथ्याशी असलेल्या या गावाला आता एकतानगर म्हणतात. २०१८ साली तेथे सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला आणि तंबूंची वसाहत, उद्याने, नौकाविहार असा सारा थाट जमला. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे आईवडिलांची संमती मिळविणे सोपे जाईल, हेही तिने धूर्तपणे हेरले होते. नवरीचा खर्च बाकीच्या सात जणींनी वाटून घ्यावयाचा आणि एकूण बेरजेला सातांनी भागावयाचे, असा तिचा हिशेब होता. गणित बिनचूक होते. फक्त त्यात माणसे नव्हती.

समान वर्गणी ही दिसते न्याय्य, पण ती कराच्या भाषेत प्रतिगामी असते. बँकेत नोकरीला लागलेल्या मुलीला दोन रात्रींचे चार हजार म्हणजे एका हौसेची किंमत. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलीला ते दोन महिन्यांच्या खानावळीचे पैसे. तिने ‘माझी परीक्षा आहे’ असे सांगून नाव काढून घेतले, तर कोणाच्याही लक्षात येत नाही की तिला गरिबीने गाळले. शिवाय समान वाटणीत खर्च फुगतो, हे अनुमान नव्हे. २००४ साली तीन अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा-सहा जणांचे गट उपाहारगृहात बसविले. ज्यांना आपापले बिल द्यावयाचे होते त्यांनी कमी मागविले. ज्यांचे बिल सर्वांत समान विभागले जाणार होते त्यांनी बरेच अधिक मागविले. दुसऱ्याच्या खिशातून पाच षष्ठांश जात असताना हात आखडता घेणारा विरळाच. यावरचा उपाय जुना आणि साधा आहे: आधी प्रत्येकीला एकटीला गाठून तिला झेपेल तो आकडा विचारावा, सर्वांत लहान आकड्यावर बेत आखावा, आणि ज्यांना अधिक हौस असेल त्यांनी ती स्वतःच्या पैशांनी भागवावी. हा आकडा चारचौघींत मात्र विचारू नये. चारचौघींत कोणीही खरे सांगत नाही.

ही शहाणीव आदिवासी समाजाला पुस्तकाशिवाय लाभली होती. झाबुआ-बांसवाड्याकडील भिल्लांत लग्नघरी नोतरा पडतो. आलेला प्रत्येक जण ऐपतीप्रमाणे रक्कम देतो. तिची नोंद राहते, आणि त्याच्या घरी कार्य निघाले म्हणजे ती थोडी वाढवून परत केली जाते. नर्मदेच्या खोऱ्यात शेतीच्या कामाला एकमेकांकडे जाऊन हात लावण्याची रीत आहे, तिला लाह म्हणतात. पैसा नसेल तर श्रम, श्रम आज नाही तर पुढच्या हंगामात. सावकाराशिवाय चाललेली ही पतपेढी होय. मात्र तिला एक अट आहे: देणारा आणि घेणारा पुढेही एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहिले पाहिजेत.

नेमकी हीच अट मणिबेलीत मोडली. अक्कलकुवा तालुक्यातील हे गाव धरणाच्या भिंतीच्या वरच्या अंगाला, अगदी जवळ. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील ज्या ३३ गावांना गाठले, त्यांत ते आघाडीवर होते; १९९३ च्या पावसाळ्यात तेथील घरांत पाणी शिरले. पुढच्याच वर्षी ४४ देशांतील ३२६ संघटनांनी जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा पुरविणे थांबवावे अशी मागणी केली, त्या जाहीरनाम्याला ‘मणिबेली’ हेच नाव दिले गेले. गावाचे नाव जगभर गेले आणि माणसे विखुरली. काही कुटुंबे गुजरातेत परवेट्याच्या वसाहतीत गेली, काही डोंगरउतारावर वर सरकून तेथेच राहिली. बुडीत गावांपैकी आणखी काही घरे तळोदा तालुक्यात सोमावलकडे आली. लग्नात रात्रभर गाणाऱ्या बायकांचा एक मेळ दोन राज्यांत वाटला गेला. जमिनीची भरपाई हेक्टरांत मोजता येते. गाणाऱ्या शेजारणीची मोजावी कशात?

मुलींच्या बाबतीत तर मोजणी सुरूच झाली नव्हती. नर्मदा पाणी तंट्याच्या लवादाने १९७९ च्या निवाड्यात सज्ञान मुलग्याला स्वतंत्र कुटुंब मानले. सज्ञान मुलीचा तेथे तसा उल्लेख नाही. भावाला वेगळे कुटुंब म्हणून स्थान मिळाले. बहीण लग्न होऊन जाणारच, असे गृहीत धरले गेले. भिल्ल समाजात देज वरपक्ष देतो, म्हणजे मुलीच्या श्रमाची किंमत निदान कबूल तरी केली जाते. शिकलेल्या लवादाला तेवढीही कबुली सुचू नये, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

हे सारे येथे लिहिण्याचे कारण असे की त्या आठ जणींतील एकीचे आजोळ मणिबेलीचे होते. केवडियाचे नाव निघाले तेव्हा ती गप्प राहिली, आणि आखणी करणाऱ्या मुलीने तो पैशांचा संकोच समजला. पैशांचा तो होताच. पण ज्या जलाशयात आजीचे घर गेले त्यावर तिकीट काढून नौकाविहार करावयाचा, ही गोष्ट तिला वेगळ्याच कारणाने जड जात होती. तिने ते पुष्कळ दिवसांनी एका मैत्रिणीला सांगितले.

बेत बदलला. आता सहल तोरणमाळला आहे. तेथवर एस.टी. जाते आणि १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच असल्याने केवडियाच्या वाटेवर ती पुरती उपयोगी पडली नसती. राहण्यास दोन खोल्या, जेवण स्वतः रांधावयाचे. ज्वारीचे पीठ आणि लसणाची चटणी शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलीच्या घरून यावयाची, आणि ती वर्गणीत धरली आहे. नवरीनेही आपला वाटा देण्याचा हट्ट धरल्यामुळे भागाकार आता आठांनी होतो. आजोळ मणिबेलीचे असलेली मुलगी परवेट्याहून आपल्या मामेबहिणीला बोलावू का, असे विचारीत होती. तसे झाल्यास तो नवांनी करावा लागेल.