गाडी घाटातच का दम टाकते?

रायपुरात घाट नाही. चौबे कॉलोनीतल्या महाराष्ट्र मंडळापाशी गाडीत सामान भरावं, शहराबाहेर पडून धमतरी रोड धरावा, की कांकेरपर्यंतचे जवळपास 140 किलोमीटर इंजिनाची परीक्षा अशी होतच नाही. महानदीच्या खोऱ्यातली ती सपाट भातशेती. मग बस्तरच्या दारातला केशकालचा घाट येतो, तेलीन मातेच्या देवळाचा, बारा वळणांचा. सकाळपासून सुरेख पळणारी गाडी तिथे पाय पूर्ण दाबला तरी उचलत नाही. मागचे ट्रक हॉर्न वाजवायला लागतात आणि गाडीतला प्रत्येक जण म्हणतो, ‘आत्तापर्यंत तर ठीक होती!’

ठीक नव्हती. सपाटीवर ते कळायची सोयच नव्हती. किती नव्हती, हे आकड्यांत पाहिलं की मी दर वेळी थक्क होतो. माणसं आणि सामान धरून गाडी 1,300 किलोची, वेग ताशी 40 किलोमीटर. सपाट रस्त्यावर टायरचं घर्षण आणि वाऱ्याचा अडथळा मिळून इंजिनाला जेमतेम 20 किलो वजन उचलण्याइतका जोर लावावा लागतो. आता 15 मीटरला 1 मीटर असा चढ लागू द्या. गाडीच्या वजनाचा पंधरावा हिस्सा, म्हणजे आणखी 87 किलो, तिला मागे ओढायला लागतो. वेग तोच, काम पाचपट! म्हणून तर 1863 साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर, जिथे 37 फुटांना 1 फूट चढ आहे, आजही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात.

पाचपट कामासाठी इंधनही जास्त. अशा चढावर छोटं पेट्रोल इंजिन मिनिटाला साधारण 80 मिलिलिटर पेट्रोल जाळतं. ते नीट जळायला वजनाने 14.7 पट हवा हवी, म्हणजे दर मिनिटाला 700 लिटरहून जास्त. ही सगळी हवा एका घडीदार कागदी फिल्टरमधून आत येते आणि जळून सायलेन्सरमधून बाहेर जाते. उरला-सिलतराच्या कारखान्यांची काळी धूळ फिल्टरमध्ये बसलेली असली, तरी शहरात लागते तेवढी हवा येत राहते. चोक झालेल्या फ्युएल फिल्टरचं किंवा थकलेल्या पंपाचंही तेच. थोडं मागितलं तर देतात, खूप मागितलं की हात वर करतात.

पण मला सर्वांत विलक्षण वाटते ती ठिणगी. स्पार्क प्लगच्या टोकाशी सुमारे एक मिलिमीटरची फट असते. ताशी 40 ने जाताना प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला दहा-वीस वेळा वीज ती फट ओलांडते. हवा जितकी दाट, तितकं तिला ओलांडणं अवघड, हे जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी 1889 साली दाखवलं. सपाटीवर पाय हलका असतो, थ्रॉटलची झडप अर्धवट मिटलेली, सिलिंडरमध्ये हवा विरळ. घाटात आपण पाय दाबतो, झडप सताड उघडते आणि ठिणगीच्या क्षणी तिथली हवा दुप्पट-तिप्पट दाट होते. दहा हजार व्होल्टमध्ये होणारं काम आता वीस हजारांवर जातं. प्लग झिजून फट रुंदावली असेल किंवा कॉइलच्या आवरणाला बारीक तडा असेल, तर वीज सोपी वाट शोधून बाहेरूनच निसटते. त्या वेळचं पेट्रोल न जळता पुढे जातं आणि गाडी झटका देते. मेकॅनिक म्हणतो, ‘मिसिंग कर रही है.’

तेव्हा निदानाची सुरुवात पाना हातात घेण्याआधी, चालवणाऱ्याच्या आठवणीतून होते. इंजिनाचा आवाज चढत होता पण वेग वाढत नव्हता? मग ताकद तयार होतेय, चाकांपर्यंत पोचत नाही. क्लच प्लेट घसरतेय. झटके बसत होते? प्लग आणि कॉइल. झटका नाही, नुसती मरगळ? मग हवा, इंधन किंवा सायलेन्सर, यांपैकी कुठेतरी वाट अडलेली आहे. टर्बोच्या डिझेल गाडीत काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज असेल, तर हवेचा एखादा पाइप फाटलेला निघतो. आणि थांबल्यावर एकच चाक हाताला चटका देण्याइतकं तापलेलं लागलं, तर दोष इंजिनात नाहीच, ब्रेक धरून बसलाय.

बरं, तपासायला घाट कुठून आणायचा? चांगला मेकॅनिक नवा रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर जातो, कमी वेगात तिसरा गिअर टाकतो आणि पाय पूर्ण दाबतो. इंजिनाला चढाइतकाच भार मिळतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला जोडलेला स्कॅनर त्या वेळी काय दाखवतो, ते महत्त्वाचं. गाडी उभी असताना सगळे आकडे शहाण्यासारखे दिसतात. भाराखाली मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय असं दिसलं, तर इंधनाचा दाब मोजायचा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत तो तीन-चार बार असतो आणि पाय दाबल्यावरही टिकायला हवा.

सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्वांत शेवटी तपासला जातो, कारण तो महाग. आत बारीक छिद्रांची सिरॅमिकची जाळी असते. इंजिन 2,500 फेऱ्यांवर धरून इनटेकला लावलेल्या व्हॅक्यूम गेजचा काटा हळूहळू खाली सरकत गेला, तर ती बुजलीय असं समजतात. पण ती बुजली कशाने? अनेकदा त्याच न जळलेल्या पेट्रोलने. ते जाळीत जाऊन पेटतं, सिरॅमिक वितळतं आणि छिद्रं मिटतात. म्हणून नवा कन्व्हर्टर घालण्याआधी प्लग काढून त्यांची फट मोजायला सांगा. जुने प्लग तसेच राहिले, तर नवी जाळीही पुढच्या घाटांत अशीच वितळेल.