कॅरिअरचा भार कुठे उतरतो?

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग सुरू व्हायच्या वेळेला रस्त्यावर उभे राहा. सायकलीचं कॅरिअर रिकामं क्वचितच दिसतं. टॉवेलांचा गठ्ठा, सुताचं पोतं, जेवणाचा डबा, दुधाचे कॅन, कधी भरलेला गॅस सिलिंडर. 1877 साली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी उभी राहिली तेव्हापासून हे शहर कापडावर आणि कामगारांवर चाललं आहे. गिरण्यांचे भोंगे थांबले, घरोघरी मोटारसायकली आल्या, तरी सायकलवर पोट असणारी माणसं इथे आजही आहेत. त्यांच्या रोजच्या कमाईचा माल ज्या लोखंडी पट्ट्यांवर बांधलेला असतो, त्या बसवताना मात्र आपण किंमत विचारतो, रंग बघतो आणि घरी येतो. भार शेवटी कुठे उतरतो, हा खरा प्रश्न विचारायचा राहून जातो.

जुन्या काळ्या सायकलीत त्याचं उत्तर चोख आहे. कॅरिअरचे दोन्ही पाय थेट मागच्या एक्सलवर येतात. वजन पायांतून एक्सलवर, तिथून चाकावर आणि जमिनीवर जातं. सीटखालच्या बोल्टला अडकवलेली पुढची पट्टी फक्त कॅरिअरचं पुढे-मागे झुलणं रोखते. चाकही त्याच हिशेबानं बांधलेलं असतं: पुढे 32 स्पोक, मागे 40. म्हणूनच ही सायकल इतकी वर्षं पोती वाहत आली.

घोळ होतो तो बसवताना. मडगार्डची तार, स्टँड आणि कॅरिअरचा पाय, सगळे त्याच एक्सलवर चढतात. प्रत्येक पट्टीनं थोडी जाडी खाल्ली की नटासाठी आटे कमी उरतात. दोन-तीन आट्यांवर धरलेला नट आवळताना घट्ट वाटतो आणि खड्ड्यात दगा देतो. शिवाय काळ्या सायकलीत मागचं चाक खाचेत पुढे-मागे सरकतं. त्यामुळे नट सैल केला की साखळीचा ताणही बिघडतो. चाक दोन्ही दांड्यांच्या मधोमध आणून, साखळी बोटानं दाबल्यावर साधारण अर्धा इंच खेळेल इतकी ठेवून मग दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीनं आवळायचे. चार-सहा दिवस माल वाहून झाला की पुन्हा एकदा पाना लावायचा, कारण रंग आणि वायसर दबून बसतात आणि नट सैल होतो. हे पाच मिनिटांचं काम टाळणाऱ्यांची मला काळजी वाटते.

गिअरच्या सायकलीचं गणित निराळं. तिच्या फ्रेमवर, एक्सलच्या वर, पाच मिलिमीटरच्या बोल्टसाठी आट्यांची भोकं असतील तर उत्तम. नसतील तर आतून रबर लावलेल्या पट्ट्या दांड्यांना आवळून कॅरिअर बसतं, पण ते हलक्या सामानापुरतंच. कार्बनच्या फ्रेमला अशी पट्टी कधीच आवळू नये. डिस्क ब्रेक असेल तर त्याला वळसा घालणारे पाय लागतात. आणि फक्त सीटच्या नळीला धरणारं, पाय नसलेलं कॅरिअर साधारण दहा किलोपर्यंतच घ्यावं. भार वाढला की ते नळीभोवती फिरतं.

या सायकलींचे बोल्ट तुटतात ते बहुतेक वेळा सैल झाल्यामुळे. बोल्ट घट्ट असतो तेव्हा दोन पृष्ठभागांमधलं घर्षण भार पेलतं. तो सैल झाला की प्रत्येक धक्क्याला एकटा बोल्ट वाकतो, आणि वाकून वाकून एक दिवस तुटतो. नायलॉनचा नट टाकला की हे बरंचसं टळतं.

आता सिलिंडर. आत 14.2 किलो गॅस आणि रिकाम्या टाकीचं पंधरा-सोळा किलो, म्हणजे एकूण तीसच्या घरात. गिअरच्या सायकलीच्या कॅरिअरवर बहुधा 25 किलोचा आकडा लिहिलेला असतो. तिथे सिलिंडर चढवू नयेच. माल कोणताही असो, तो एक्सलच्या मागे लोंबता कामा नये, नाहीतर पुढचं चाक हलकं होऊन हँडल ऐकत नाही. बांधायला जुन्या ट्यूबची पट्टी सर्रास वापरतात. चाळिशी ओलांडणाऱ्या इथल्या उन्हात ते रबर तडकतं. ती पट्टी दर उन्हाळ्यात बदलावी.

कॅरिअरवर लेकरू बसवत असाल तर बाजूला जाळी लावाच. टाच स्पोकमध्ये जाऊन होणारी जखम फार वाईट असते, आणि साडीचा पदरही तिथेच अडकतो.

नवं कॅरिअर घ्यायला जाल तेव्हा सायकल बरोबर न्या. काळी सायकल असेल तर नट आवळल्यावर एक्सलचे एक-दोन आटे बाहेर दिसतात का, ते दुकानातच वाकून बघा. दिसत नसतील तर लांब एक्सल टाकून घ्या, आणि मगच माल बांधा.