क्वासिर : थुंकीतून जन्मलेला ज्ञानी

जन्म : नॉर्स पुराणकथांतील आसिर आणि वानिर या दोन देवकुळांनी युद्ध थांबवून तह केला. तहाची खूण म्हणून दोन्ही बाजूंचे देव एकाच भांड्यात थुंकले. ती खूण वाया जाऊ नये म्हणून देवांनी त्या थुंकीतून एक पुरुष घडवला. तोच क्वासिर. त्याला बालपण नाहीच.

ख्याती : त्याला उत्तर देता येणार नाही असा प्रश्न कोणालाच विचारता येत नसे. तो जगभर हिंडून लोकांना ज्ञान देत असे.

अंत : फ्यालार आणि गालार या बुटक्यांनी त्याला एकांतात गाठून ठार मारले. देवांना मात्र सांगितले, ‘त्याला प्रश्न विचारण्याइतके शहाणे कोणी उरले नाही, म्हणून तो स्वतःच्याच ज्ञानात गुदमरून मेला!’

वारसा : त्याच्या रक्तात मध मिसळून बुटक्यांनी तीन भांड्यांत मद्य बनवले. ते पिणारा कवी किंवा विद्वान होतो, अशी समजूत. पुढे ते सुत्तुंग या राक्षसाकडे गेले. देवांचा प्रमुख ओडिन याने तीन घोटांत तिन्ही भांडी रिकामी केली आणि गरुडरूपात ते पळवून देवांकडे आणले.

दुसरी कथा : देवांपासून लपलेल्या कपटी लोकीने जाळून टाकलेल्या जाळ्याच्या राखेतला आकार क्वासिरने ओळखला. त्यावरून देवांनी नवे जाळे विणले आणि लोकीलाच पकडले.

आधार : आइसलँडचा इतिहासकार-कवी स्नोरी स्टुर्लुसन (११७९–१२४१) याचा ‘एड्डा’ हा गद्यग्रंथ. त्याच्याच नावावरच्या ‘इंग्लिंगा सागा’त मात्र क्वासिर हा वानिरांमधला सर्वांत शहाणा; तहाच्या वेळी ओलीस म्हणून आसिरांकडे दिलेला.