उसनी पात्रे

दोन निरनिराळ्या गोष्टींतील वीर समोरासमोर आले, तर त्यांच्यात जिंकेल कोण? हा प्रश्न मुलांना फार प्रिय असतो. खेळाच्या अंगणात एका गोष्टीतील राजा दुसऱ्या गोष्टीतील राक्षसाशी खुशाल लढतो. त्या दोन गोष्टी वेगळ्या काळातल्या, वेगळ्या देशांतल्या असल्या, तरी खेळणाऱ्यांचे काही अडत नाही. मोठेपणी बहुतेक माणसे हा खेळ विसरून जातात. अमेरिकेतील एका तरुणाने मात्र तो विसरला नाही. त्याने त्याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आपल्या तारुण्यातील वर्षे खर्च केली, आणि त्यातूनच एका नव्या कलावंताचा उदय झाला. त्यांचे नाव मॉन्टी ओम.

ओम यांचा जन्म १९८१ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात, प्रॉव्हिडन्स या शहरी झाला. व्हिडिओ खेळांचे त्यांना विलक्षण वेड होते. ॲनिमेशनची, म्हणजे चित्रांना हालचाल देण्याची कला ते कोणत्याही शाळेत शिकले नाहीत. संगणकापुढे तासन् तास बसून, चुकत आणि चुका सुधारीत, त्यांनी ती स्वतःच आत्मसात केली. २००७ साली त्यांनी ‘हॅलॉइड’ हा छोटासा पट तयार केला. ‘हॅलो’ आणि ‘मेट्रॉइड’ या दोन खेळांतील योद्ध्यांची गाठ त्यात त्यांनी घालून दिली होती. त्याच वर्षी त्यांनी ‘डेड फँटसी’ ही मालिका सुरू केली. या नावातही दोन नावांचा संयोग आहे. ‘डेड ऑर अलाइव्ह’ हा १९९६ साली निघालेला द्वंद्वाचा जपानी खेळ, आणि ‘फायनल फँटसी’ ही १९८७ पासून चालत आलेली जपानी साहसखेळांची मालिका. पहिल्या भागात एका बाजूस कासुमी, आयाने व हितोमी, तर दुसऱ्या बाजूस टीफा, युना व रिनोआ अशा सहा लढवय्या स्त्रिया आहेत. संवाद जवळजवळ नाहीतच. सारी कथा हालचालींतूनच सांगितली आहे.

वरवर पाहता हे काम सोपे वाटेल. पात्रे तयार, त्यांचे चेहरे तयार, त्यांचे पोशाखही तयार. मग करावयाचे उरले काय? परंतु खरी अडचण येथेच होती, कारण दोन्ही खेळांचे स्वभाव परस्परांहून अगदी भिन्न होते.

‘डेड ऑर अलाइव्ह’मध्ये दोन प्रतिस्पर्धी क्षणाचीही उसंत न घेता लढतात. त्यात तीन मुख्य डाव असतात. समोरच्याचा प्रहार आल्यास तो अडवून धरता येतो. अडवण्याच्या पवित्र्यात असलेल्याला उचलून फेकता येते. आणि फेकावयास पुढे सरसावलेल्यावर प्रहार करता येतो. अशा रीतीने प्रत्येक डावावर प्रतिडाव असतो. ‘फायनल फँटसी’च्या पूर्वीच्या खेळांची रीत निराळी. १९९७ सालच्या सातव्या खेळात टीफा आपली पाळी आली म्हणजे धावत पुढे जाते, शत्रूला ठोसे लगावते आणि परत आपल्या जागी येऊन पुढच्या पाळीची वाट पाहत उभी राहते. अशा टीफाला थांबणे ठाऊक नसलेल्या हितोमीसमोर उभे करावयाचे, तर तिने चालावे कसे, वळावे कसे, पडता पडता स्वतःला सावरावे कसे? या प्रश्नांचे उत्तर मूळ खेळात नव्हते. ते ओम यांनाच शोधावे लागले.

हालचाल निर्माण होते तरी कशी? पडद्यावरील चित्र वस्तुतः हलत नसते. चित्रपटात दर सेकंदाला २४ स्थिर चित्रे एकामागून एक दाखवली जातात आणि आपल्या डोळ्यांना व मेंदूला त्यांची सलग हालचाल भासते. या हिशेबाने एका मिनिटासाठी १४४० चित्रे लागतात. संगणकावर पात्राच्या शरीरात आधी एक काल्पनिक सांगाडा बसवतात. खांदा, कोपर, कंबर, गुडघा असे त्याचे सांधे फिरवले, म्हणजे कळसूत्री बाहुलीप्रमाणे पात्राचा आविर्भाव बदलतो. कलावंत महत्त्वाचे आविर्भाव स्वतः ठरवतो आणि त्यांच्या मधली चित्रे संगणक भरून काढतो.

परंतु संगणकाने आपल्या मनाने भरलेली हालचाल निर्जीव दिसते. खरा माणूस उडी मारण्यापूर्वी गुडघ्यांत वाकतो. ठोसा मारण्यापूर्वी हात मागे घेतो. जमिनीवर उतरल्यावर त्याचे सारे शरीर किंचित दबते आणि मग सावरते. हे बारकावे नसतील, तर पात्राला वजनच नाही असे वाटते. शिवाय एकाने मारलेला फटका दुसऱ्याला जेथे व ज्या क्षणी लागतो, तेथेच आणि त्याच क्षणी दुसऱ्याचे शरीर कलले पाहिजे. दोघांच्या झुंजीतही हे मेळ जुळवणे कठीण. येथे तर सहा जणी एकाच वेळी लढत होत्या. मोठ्या संस्थांत अशा कामावर अनेक माणसे राबतात. ओम यांनी हे प्रचंड काम मुख्यतः एकट्याने केले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्या कृतीतील पात्रे दुसऱ्यांची आहेत, ती कृती करणाऱ्याची म्हणावी काय? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. पात्रांवर त्यांच्या निर्मात्यांचा हक्क असतो. चाहत्यांनी त्यांच्यावर रचलेल्या कृतींकडे निर्माते पुष्कळदा कौतुकाने पाहतात वा काणाडोळा करतात; परंतु हरकत घेण्याचा अधिकार त्यांच्याकडेच राहतो. उसनी वस्तू कितीही जपून वापरली, तरी ती आपली होत नाही. मात्र ‘डेड फँटसी’ पाहणाऱ्याला आणखी एक गोष्ट जाणवते. तीतील चेहरे उसने आहेत, पण गती उसनी नाही. त्या झेपा, त्या गिरक्या, तो वेग हे सारे ओम यांचे स्वतःचे आहे.

ही गती जाणकारांच्या नजरेत भरली. ओम यांना व्हिडिओ खेळ तयार करणाऱ्या संस्थेत काम मिळाले. पुढे टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथील ‘रूस्टर टीथ’ या संस्थेने त्यांना बोलावून घेतले आणि २०१० साली तिच्या ‘रेड व्हर्सेस ब्लू’ या मालिकेच्या आठव्या पर्वातील लढाया त्यांनी सजीव केल्या. अखेर २०१३ साली त्यांनी स्वतःची पात्रे घेऊन ‘रूबी’ ही मालिका आरंभली. लाल, पांढरा, काळा व पिवळा या चार रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव बनले असून, रूबी, वाइस, ब्लेक व यांग या तिच्या चार नायिका आहेत. आरंभीची पर्वे ‘पोझर’ नावाच्या साधनावर तयार झाली. चित्रकार ज्या लाकडी सांध्यांच्या बाहुलीवरून शरीराचे आविर्भाव रेखाटतात, तिच्याऐवजी वापरता यावे म्हणून निघालेले हे एक साधे साधन होते. पण साधन साधे असले, तरी ते वापरणारा हात असामान्य होता.

दुर्दैवाने हा हात फार लवकर थांबला. १ फेब्रुवारी २०१५ रोजी, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, ओम यांचे निधन झाले. ‘डेड फँटसी’ अपूर्णच राहिली. ‘रूबी’ मात्र त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे चालवली.

२०१८ साली जपानमधील ‘आर्क सिस्टम वर्क्स’ या संस्थेने ‘ब्लेझब्लू : क्रॉस टॅग बॅटल’ हा द्वंद्वाचा खेळ प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या कथांतील योद्ध्यांना त्यात एकत्र आणले होते. आणि त्या योद्ध्यांत रूबी, वाइस, ब्लेक व यांग या चौघीही होत्या. या वेळी त्यांना रीतसर परवानगीने बोलावण्यात आले होते. ज्याने जपानी खेळांतील पात्रे उसनी घेऊन आपल्या कलेचा श्रीगणेशा केला, त्याचीच पात्रे जपानी खेळाने मागून घेतली. हे पाहावयास ओम हयात नव्हते. पण त्यांच्यावर असलेले उसने त्या दिवशी सव्याज फिटले.