तांडा कागदावर आला तेव्हा

मळखेड हे कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्याच्या सेडम तालुक्यातलं गाव. हजारेक वर्षांपूर्वी इथं राष्ट्रकूटांची राजधानी होती, मान्यखेट. 19 जानेवारी 2023 रोजी या गावाच्या माळावर मोठी गर्दी लोटली होती. पन्नास हजारांहून अधिक कुटुंबांना राहत्या जागेची हक्कपत्रं मिळायची होती आणि त्यांत मोठा वाटा लंबाणी, म्हणजे बंजारा, तांड्यांवरच्या लोकांचा होता. कलबुर्गी, बिदर, यादगीर, रायचूर आणि विजयपूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे 1,475 वस्त्या तोवर महसुली दप्तरात नव्हत्याच. त्यांना गावाचा दर्जा देण्यात आला.

बातम्यांत हा विषय जमिनीचा म्हणून आला. तो तितकाच आरोग्याचाही आहे.

तांडा महसुली गाव नसेल, तर सरकारच्या लेखी तो शेजारच्या मोठ्या गावात मोडतो. मग नळयोजना त्या गावापर्यंत येते, रस्ता तिथवर होतो, अंगणवाडीही तिथंच उघडते. माळापलीकडच्या तांड्यावर बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बाईला आधी चिखल तुडवत डांबरी रस्ता गाठावा लागतो आणि मगच रुग्णवाहिका भेटते. घराखालची जागा नावावर नसली की पक्क्या घराचा अर्जही अडतो. अशुद्ध पाणी, अंधारं घर आणि लांबचा दवाखाना यांतून जे आजार वाढतात, ते नुसत्या गोळ्यांनी कसे हटतील?

जागतिक आरोग्य संघटनेने सर मायकल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगानं 2008 मध्ये जगापुढे नेमकं हेच मांडलं. माणसाचं आरोग्य तो कुठं जन्मतो, काय खातो, कोणतं काम करतो आणि कसल्या घरात राहतो यावर ठरतं. म्हणून आरोग्यात समता आणायची, तर आरोग्य खात्याला ग्रामविकास, शिक्षण, महसूल आणि सहकार यांना सोबत घेऊनच चालावं लागतं.

बिदर आणि कलबुर्गीला या सोबतीची गरज फार जुनी आहे. हा सगळा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठवाड्याबरोबर गेले, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले आणि उरलेला जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात आला. औराद, भालकी, बसवकल्याण आणि पलीकडे आळंद या तालुक्यांत आजही कितीतरी घरांत मराठी बोलली जाते. राज्याच्या राजधानीपासून दूर पडलेल्या या पट्ट्याचं मागासलेपण डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीनं 2002 च्या अहवालात तालुकावार मोजून दाखवलं. पुढे 98 व्या घटनादुरुस्तीनं या पट्ट्यासाठी कलम 371 (जे) आलं आणि इथल्या प्रादेशिक विकास मंडळाला निधीचं बळ मिळालं. कलबुर्गीत उभ्या राहिलेल्या जयदेव हृदयरोग रुग्णालयात 371 खाटा आहेत. हा आकडा त्याच कलमावरून घेतलेला आहे.

मोठी रुग्णालयं हवीतच. पण बाई तिथवर पोचेपर्यंतचा रस्ता गावातून जातो, आणि गावात बिदरच्या बायकांनी एक भक्कम पाया आधीच घालून ठेवला होता. नाबार्डनं 1992 मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. त्या दशकात बिदर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनं गुरुपादप्पा नागमारपल्ली यांच्या नेतृत्वाखाली हे काम इतक्या मोठ्या प्रमाणावर अंगावर घेतलं, की देशभरातल्या सहकारी बँका त्याकडे पाहू लागल्या. प्राथमिक सोसायट्यांच्या आधारानं गावोगावी गट उभे राहिले. घरात दुखणं आलं की सावकाराच्या दारात जाण्याखेरीज मार्ग नसलेल्या बाईला गटातून कर्ज मिळू लागलं. शिवाय ठरल्या दिवशी, ठरल्या ओसरीवर वीसेक बायका एकत्र बसू लागल्या. लसीकरण, गरोदरपणातली तपासणी, रक्तक्षय याबद्दल बोलायला आरोग्यसेविकेला याहून चांगली जागा कुठली?

याच ओळीतलं पुढचं पाऊल म्हणजे कर्नाटकातलं ‘ग्रामपंचायत आरोग्य अमृत अभियान’. कोविडच्या काळात गावोगावी पंचायतीची कृती दलं तयार झाली होती. ती मोडीत न काढता ग्रामविकास खात्यानं कर्नाटक हेल्थ प्रमोशन ट्रस्टच्या मदतीनं त्यांच्यावर पुढची जबाबदारी टाकली. रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासण्याचं साहित्य थेट पंचायतीकडे आलं. आशा, अंगणवाडी सेविका, गटातल्या बायका आणि पंचायत सदस्य एका टेबलाशी आले. गावात किती जणींना रक्तक्षय आहे, क्षयाचा संशय कुणावर आहे, हे पंचायतीला स्वतः कळलं की पाण्याच्या टाकीचा आणि गटाराचा ठरावही निराळ्या गांभीर्यानं होतो.

ताटातला प्रश्न तर याहून तातडीचा होता. इथल्या शाळकरी मुलांमधल्या कुपोषणाचे आणि रक्तक्षयाचे आकडे पाहून राज्यानं 1 डिसेंबर 2021 पासून कल्याण कर्नाटक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यातल्या आणि विजयपूरच्या शाळांमध्ये माध्यान्ह भोजनात उकडलेलं अंडं द्यायला सुरुवात केली. अंडं न खाणाऱ्यांसाठी केळं होतं. काही मठांनी विरोध केला, पण मुलांनी आणि त्यांच्या आयांनी अंड्याची बाजू उघडपणे घेतली. पुढच्याच शैक्षणिक वर्षात योजना राज्यभर गेली. 2024 मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशननं तीन वर्षांसाठी सुमारे 1,500 कोटी रुपयांचा करार केला आणि आठवड्यातून सहा दिवस अंड्याची सोय झाली. शिक्षण खातं, आरोग्याची आकडेवारी आणि एक धर्मादाय संस्था एकत्र आल्यावर काय होतं, ते इथं ताटात दिसलं.

ही सोबत नसते तिथं काय घडतं, तेही याच भागानं भोगलं आहे. 2015 च्या सुमारास कलबुर्गीतल्या तांड्यांवरच्या आणि दलित वस्त्यांमधल्या शेकडो बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढल्याचं कर्नाटक जनारोग्य चळवळीसारख्या संघटनांनी उजेडात आणलं. पोटदुखी, अंगावरून पांढरं जाणं अशा साध्या तक्रारी घेऊन या बायका खासगी दवाखान्यांत गेल्या होत्या. कॅन्सरची भीती घातली गेली, कर्ज काढून ऑपरेशनं झाली. घराजवळ विश्वासाची, त्यांची भाषा समजणारी एक आरोग्यसेविका असती, तर त्यांतल्या कितीतरी जणी या ऑपरेशनांपासून वाचल्या असत्या.

अशा सेविका घडवण्याचा धडा सीमेपलीकडे महाराष्ट्रात, हाकेच्या अंतरावर आहे. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरमध्ये डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभं केलं आणि खेड्यातल्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून शिकवलं. त्याआधी, 1970 मध्ये, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं होतं. तिथं दवाखान्याइतकंच महत्त्व विहिरींना, झाडांना, शेतकरी मंडळांना आणि महिला मंडळांना होतं. 1975 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडची नोंद झाली आणि 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या मुलखात आणि बिदरमध्ये जमीन तीच, ज्वारी तीच, पाण्याची ओढही तीच. त्यामुळे तिथलं शहाणपण इथं सहज रुजतं.

सध्या या भागातलं आशादायी काम म्हणजे ‘कूसिन मने’, कन्नडमध्ये बाळाचं घर. 2023 च्या अर्थसंकल्पात कर्नाटकनं चार हजार ग्रामपंचायतींमध्ये अशी पाळणाघरं जाहीर केली. रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या आईचं तान्हं मूल दिवसभर तिथं राहतं, त्याला जेवण मिळतं. आई माती उपसते तेव्हा बाळ उन्हात झोळीत टांगलेलं नसतं, हाच केवढा फरक.

पण दसरा झाला की चित्र बदलतं. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, बांधकामाचे मजूर पुण्या-मुंबईकडे जातात, आणि पाळणाघरातलं बाळही आईबरोबर जातं. गरोदर बाईच्या पिशवीत तायी कार्ड असतं. तिच्या तपासण्यांची सारी नोंद त्यात कन्नडमध्ये असते. फडावर भेटणाऱ्या महाराष्ट्रातल्या आशाताईला ती वाचता येत नाही. औरादच्या पंचायतीनं टोळी निघायच्या आधी गरोदर बायांची आणि लहान बाळांची यादी दोन्ही भाषांत करून साखर कारखान्याच्या हद्दीतल्या आरोग्य केंद्राला पाठवली, तर पुढची लस आणि पुढची तपासणी चुकणार नाही. त्यासाठी नवीन इमारत लागत नाही. दोन राज्यांतल्या दोन आरोग्य केंद्रांनी एकमेकांचे फोन नंबर घेऊन ठेवायचे आहेत, आणि तेही यंदाच्या दसऱ्याआधी.