संगणकातून बाहेर कोण जाते?

सिंहस्थात रामघाटावर स्नानाला गेलेल्यांनी पाहिले आहे: घाटाकडे येण्याची वाट वेगळी, परतण्याची वेगळी. येणाऱ्यांसाठी बॅरिकेड आणि पोलीस; परतणाऱ्याला मात्र कोणी काही विचारत नाही, उलट "चला, पुढे चला" एवढेच. आपल्या घरच्या संगणकावरची फायरवॉल बहुतेक वेळा अशीच वागते. बाहेरून आत येऊ पाहणाऱ्याला अडवते, आतून बाहेर निघालेल्याला जाऊ देते.

विंडोज एक्सपीच्या २००४ मधल्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून ही फायरवॉल आपोआप चालू असते. तेव्हा ती फक्त येणारी जोडणी पाहत असे. बाहेर जाणारी अडवण्याची सोय व्हिस्टापासून आली, पण मूळ मांडणीत आजही बाहेर जायला सगळ्यांना मोकळीक आहे. मॅकची स्वतःची फायरवॉलही येणाऱ्यांपुरतीच.

याची काळजी आम्हाला का वाटते? आपल्यातील बऱ्याच घरांत ज्येष्ठ दोघेच असतात, मुले पुण्याला किंवा परदेशी. एकाच लॅपटॉपवर पेन्शनची कागदपत्रे, आधारची प्रत, बँकेचे व्यवहार आणि अर्धवट टाइप केलेला कुलवृत्तांत! "तुमचे पेन्शन अडकले आहे" असा फोन येतो आणि बोलणारा एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला सांगतो. दुरून संगणक हाताळण्याचे असे प्रोग्रॅम मुळात चांगल्या कामासाठीच केलेले आहेत. मुलगा त्यातूनच आपला प्रिंटर दुरुस्त करून देतो. पण हा प्रोग्रॅम आतून बाहेरच्या सर्व्हरशी स्वतः संधान बांधतो, म्हणून येणाऱ्यांवर पहारा ठेवणारी भिंत त्याला अडवत नाही. मोबाइलवरच्या एनीडेस्कचा असा गैरवापर होतो म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीत बँकांना सावध केले होते.

बाहेर जाणाऱ्यावर लक्ष ठेवणारी फायरवॉल नेमकी इथे उपयोगी पडते. नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा इंटरनेटकडे निघाला की ती विचारते: हा अमुक प्रोग्रॅम, अमुक ठिकाणी जातो आहे, जाऊ देऊ? घाटावरचे तीर्थपुरोहित वही उघडण्याआधी गाव आणि आडनाव विचारतात, तसेच हे. झोनअलार्मने ही पद्धत विंडोजवर घरोघरी नेली. मॅकसाठी व्हिएन्नाच्या कंपनीचे लिटल स्निच आहे, फुकट हवे तर लुलू. विंडोजवर सिंपलवॉल फुकट मिळते.

नवे काही बसवायचे नसेल तर विंडोजमध्येच 'रिसोर्स मॉनिटर' उघडून 'नेटवर्क' पाहा. आत्ता कोणते प्रोग्रॅम बाहेर बोलत आहेत ते दिसते. एखाद्याला थांबवायचे असेल तर फायरवॉलच्या 'अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये 'आउटबाउंड रूल्स', मग 'न्यू रूल', 'प्रोग्रॅम' आणि शेवटी 'ब्लॉक'. 'एसव्हीसीहोस्ट' हे नाव पाहून घाबरू नका, ते विंडोजचेच आहे. ते अडवले तर अपडेट बंद पडतील. शिवाय हा नियम प्रोग्रॅमच्या जागेला बांधलेला असतो. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये बसली की जुना नियम तिला लागू होत नाही.

पहिले दोन-चार दिवस प्रश्नांचा भडिमार होतो, आणि कंटाळून सगळ्याला 'हो' म्हणणे हाच यातला मोठा धोका. आमच्या मते सुट्टीत मुले घरी आली की त्यांच्याकडून नेहमीच्या प्रोग्रॅमांना परवानगी देऊन ठेवावी. नंतर अनोळखी नाव आले तर 'नाही' दाबावे आणि मुलांना फोन करावा. ब्राउझरला तर परवानगी द्यावीच लागते, त्यामुळे खोट्या पानावर आपण स्वतः ओटीपी टाकला तर कोणतीही फायरवॉल मध्ये पडणार नाही. तसे झाल्यास लगेच १९३० वर फोन करावा आणि बँकेला कळवावे.